अर्ध्या गायीच्या पोटातले वासरू

मित्रांनो, मी एक जुनी अर्धी गाय आहे. अर्धी म्हणजे मागची. फायबरचे अंग, रबराची शेपटी, आत रबरी आतडे आणि त्याखाली गर्भाशय. मला डोके नाही, डोळे नाहीत, तोंड तर नाहीच. माझ्याकडे जो येतो तो मागून येतो आणि न विचारता खांद्यापर्यंत हात घालतो. अशा जन्मात स्वभाव संशयी होणार नाही तर काय होईल?

कारखान्यातून निघाले तेव्हा हमाल 'जपून, जपून' म्हणत होते, आणि म्हणता म्हणताच त्यांनी मला आपटले. तेव्हापासून गोड बोलणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.

मी सिंगापूरला जुरोंग ईस्टच्या एका ऑफिसात आले. इथे गायींचे कळप नाहीत, पण मांसासाठी गुरे पाळणारे लोक दूरदूरच्या देशांतून इथल्या वर्गाला येतात. वळू कळपात कधी सोडावा, कधी बाहेर काढावा, गाय अंगाने किती भरलेली असली म्हणजे वेळेवर माजावर येते, हे त्यांना शिकवतात. आणि शेवटी गाय गाभण आहे की रिकामी, हे हाताने ओळखायला शिकवतात. तिथे माझे काम सुरू होते. नागपूरचे डॉक्टर नागसेन शिकवतात. ते कधी माझ्या गर्भाशयात रबरी वासरू ठेवतात, कधी काहीच ठेवत नाहीत, आणि शिकणाऱ्याने ते हातानेच ओळखायचे.

सुरुवातीला माझे फार कौतुक झाले. येणारा प्रत्येक जण पाठीवर थोपटायचा. मग भिंतीवर मोठा पडदा लागला आणि त्यावर म्हणे चित्रातली गाय चालू लागली. मला प्रिंटरशेजारी ढकलले. माझे रबर कोरडे पडून चिरले, तरी कुणी तेलाचे बोट लावले नाही. मला मोडीत काढायचे ठरले आहे, अशी माझी खात्रीच झाली होती.

अशातच एकता आली. ती आणि तिचा नवरा ऑस्ट्रेलियात गुरे पाळतात. पहिल्याच दिवशी तिने सांगितले, "सर, मागच्या हंगामात तपासणीला माणूस बोलावला होता. त्याने एक गाय रिकामी सांगितली, म्हणून ट्रकमध्ये चढवली. कत्तलखान्यात तिच्या पोटात वासरू निघालं. आता मला दुसऱ्या कुणाच्या हाताचा भरवसा नाही. मी स्वतः शिकणार."

ही आपल्यातली आहे, असे मला लगेच वाटले. तिचा हात सावकाश यायचा, थांबायचा, पुन्हा चाचपायचा. माझ्या आयुष्यात इतका संशयी आणि इतका हळुवार हात दुसरा आला नव्हता.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी सगळे घरी गेल्यावर दार हळूच उघडले. ऑफिस सांभाळणाऱ्या मेधाताईंची चाहूल मला ओळखू येते. त्यांनी माझ्या पाठीवर बोटाने काहीतरी थंड टेकवले. झाले! भंगारात द्यायच्या वस्तूंवर खूण करतात, ती ही. मग कपाट उघडले, आणि डॉक्टरांनी दुपारीच काढून ठेवलेले वासरू त्यांनी पुन्हा माझ्या पोटात सरकवले. काहीतरी पुटपुटल्या आणि गेल्या. मी रात्रभर हाच विचार करत राहिले, की भंगारात टाकायचे तर वासरासकट कशाला?

सकाळी एकताने हात घातला. थांबली. पुन्हा चाचपले.

"गाभण आहे, सर. तीन महिन्यांच्या आसपास."

डॉक्टरांना ते पटेना. त्यांनी मला स्वतः रिकामी केले होते. "पुन्हा बघा."

"वासरू आहे, सर."

"हाताला लागलंय, की वाटतंय? अंदाजाने सांगणार असाल तर सर्टिफिकेटवर मला सही करता येणार नाही."

तिने पुन्हा चाचपले. बोटे वासरावरच होती, तरी ती पुटपुटली, "मग... रिकामीच असेल."

मला ओरडावेसे वाटले. अगं, आहे ते! हाच हात घेऊन घरी गेलीस, तर पुन्हा एखादी गाभण गाय ट्रकमध्ये चढेल. पण ओरडायला तोंड कुठे होते?

तेवढ्यात चहाचा ट्रे ठेवल्याचा आवाज झाला.

"डॉक्टर, थांबा. वासरू आहे. मीच ठेवलंय काल."

"तुम्ही?"

"काल वसुबारस होती. गाय-वासराची जोडीनं पूजा करतात. माझ्या बुकित तिमाहच्या फ्लॅटात गाय कुठून आणू? म्हटलं, हिला तरी कुंकू लावावं. पण ही इथे आणि हिचं वासरू कपाटात, हे काही बरं वाटेना. आणि सणाला जवळ दिलेलं वासरू लगेच काढायचं कसं?"

"मला सांगायचं ना!"

"तुमच्याकडे हे करत नाहीत. तुम्ही हसाल असं वाटलं."

"मी मानत नाही, मेधाताई. पण हसलो नसतो."

डॉक्टरांनी बाह्या वर केल्या, लांब हातमोजा चढवला आणि स्वतः हात घातला. वासरू सापडले. "एकता, माझं चुकलं. हात न घालताच मी तुमच्या हातावर शंका घेतली."

"माझंही चुकलं, सर. सापडलेलं वासरू मी सोडून दिलं."

सही झाली. दुपारी मेधाताईंनी माझ्या चिरलेल्या रबराला तेल लावले. तेव्हा कुठे मला पटले, की पाठीवरची खूण भंगाराची नव्हती. मी उगाच त्या बाईवर रात्रभर संशय घेतला. फार लाज वाटली.

निघताना एकता मला भेटायला आली. सवयीने मी मागच्या पायांत ताठ झाले. पण पावले वळसा घालून पुढच्या बाजूला आली. तिथे काहीच नाही, नुसती कापलेली कड आहे. त्या कडेवर तिने हात ठेवला आणि म्हणाली, "येते गं."

मित्रांनो, संशय जरूर घ्या. मीही घेते. पण आधी हात घालून बघा, मग बोला. ज्यांच्याकडून शिकलात, त्यांना थोडे तेलपाणी करा. आणि जमले, तर एकदा पुढून येऊन भेटा.