भासऱ्याची जागा

पहाटे सुरभी आणि तिचे वडील विठ्ठलराव घरून निघाले तेव्हा चंद्राची बारीक कोर त्या तांबूस ताऱ्याला लागून होती. ज्येष्ठा. कळंबच्या शाळेत सुरभी विज्ञान शिकवायची. हा तारा केवढा, किती दूर, त्याचा उजेड इथवर यायला किती शतकं लागतात, हे ती मुलांना दर वर्षी सांगायची. आपला जन्म त्याच नक्षत्रावरचा, हे मात्र तिनं वर्गात कधी सांगितलं नव्हतं.

ज्येष्ठावर जन्मलेली मुलगी भासऱ्याला, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावाला जड जाते, असं म्हणतात. त्यावरचा उतारा जेठाईच्या देवळात. चंद्र ज्येष्ठात येतो त्या सकाळी मुलगी देवीसमोरच्या ओट्यावर उन्हाकडे पाठ करून उभी राहते आणि तिची सावली अंगणात लांबवर पडते. एरवी भावसुनेची सावलीही भासऱ्यानं अंगावर घ्यायची नाही अशी रीत, पण त्या दिवशी तो आपल्या पायांनी चालत येऊन त्या सावलीत उभा राहतो. गुरवीण दोघांवर अक्षता टाकते. मग देवीनं लग्नाला हो म्हटलं असं धरतात. सावली मुलीनं एकदाच द्यायची, एकाच घराला.

देवळाच्या पायरीशी अमर आणि त्याची आई कोकिळाबाई वाट पाहत होते. कोकिळाबाई निम्म्या झाल्या होत्या. त्यांनी सुरभीचा हात हातात घेतला आणि सोडलाच नाही.

"पोरी, तवा मीच नाई म्हटलं होतं. म्हटलं, माहा मोठा पोरगा काई गमवाले नाई. तू घरात आली नाई, तरी तो गेला. मंग समजलं, ताऱ्याचं त्यात काईच नोयतं. म्या उगाच तुले बोल लावला."

"जाऊ द्या, काकू," सुरभी म्हणाली.

नारळ घ्यायच्या निमित्तानं अमरनं तिला बाजूला नेलं. "तू काई सांगू नको. आता कुठं ती दोन घास जेवून राह्यली."

सांगण्यासारखं एकच होतं, आणि ते दोन्ही घरांत तिघांनाच माहीत होतं: तिला, अमरला आणि नयनला. तिसरा आता नव्हता.

दोन वर्षांपूर्वी कोकिळाबाईंनी नकार दिल्यावर सुरभी आणि अमर घरी न सांगता इथं आले होते, आणि अमरचा मोठा भाऊ नयनही तसाच आला होता. उशिरा आला, गाडी लावतानाच हसत होता. गुरवीण त्याच्यावर खेकसली, "हासू नको रे, देवीसमोर हाय."

"अवो मावशी, जलमभर उन्हात काम केलं. कोणी सावली देऊन राह्यलं तं नाई कायले म्हणू?"

आणि तो सरळ येऊन सुरभीच्या सावलीत उभा राहिला. जाताना म्हणाला, "आईले मी सांगतो. तूर घरी येऊ दे, तवा तिचं मन बरं राह्यते."

तूर घरी यायच्या आत विहिरीवरच्या मोटारीचा शॉक लागून तो गेला. त्याची बायको मुलीला घेऊन बाभुळगावला माहेरी गेली.

वायर जुनी होती, वरचं आवरण फाटलं होतं, जमीन ओली होती. यापलीकडे काही कारण नाही, हे सुरभी स्वतःला कितीदा समजावत असे. समजत होतं. तरी त्या दिवसापासून ती उन्हात कोणाच्या अंगावर आपली सावली पडू देत नव्हती. वर्गातसुद्धा खिडकीच्या बाजूनं फिरत नसे.

नंबर आला. सुरभी ओट्यावर चढली. विठ्ठलराव नारळ धरून खाली उभे राहिले.

"भासरा कोण?" गुरविणीनं विचारलं.

"नाई," कोकिळाबाई म्हणाल्या. "वारला."

"मंग अंगणात कोणी नको, सावली रिकामीच पडू दे. सावली पैले कोणाले देल्ली हाय काय, पोरी?"

हे ती प्रत्येकीला विचारायची; इतक्या मुलींत दोन वर्षांपूर्वीचा चेहरा तिला आठवत नव्हता. प्रत्येक मुलगी नाही म्हणायची आणि अक्षतांचं ताट पुढं सरकायचं. सुरभीनं एसटीत येताना तो एक शब्द मनात कितीदा म्हणून पाहिला होता. तिनं अमरकडं पाहिलं. तो खाली बघत होता. नाही म्हटलं की ते घर तिचं होणार होतं, आणि त्या घरात कोकिळाबाई रोज म्हणणार होत्या, तू आली नाई तरी तो गेला. त्यावर तिनं रोज मान हलवायची.

"देल्ली हाय," ती म्हणाली.

"कोणाले?"

"नयनदादाले."

कोकिळाबाई ओट्याजवळ आल्या. मग म्हणाल्या, "कवा?"

"तूर उभी होती तवा. तुम्हाले सांगणार होते ते."

"काय म्हणे तो?"

सुरभीनं नयनचे शब्द जसेच्या तसे सांगितले. उन्हाचं ऐकताना कोकिळाबाईंच्या ओठाचा कोपरा हलला. "असाच बोले. कुठं उभा होता?"

सुरभीनं बोटानं फरशी दाखवली. कोकिळाबाई चालत तिथं गेल्या आणि उभ्या राहिल्या. सुरभीची सावली त्यांच्या तोंडावर पडली. डोळे मिटून त्या तशाच थांबल्या. मग बाजूला झाल्या.

"तो करंटनं गेला. मले समजते. वायर म्या माह्या डोळ्यानं पाह्यली. पण पोरी, तुले पाह्यलं का मले ही जागा दिसन. च्या देशीन तवा दिसन, पाया पडशीन तवा दिसन."

"काकू..."

"तुह्याकडून काई चुकलं नाई. माह्याकडून होणार नाई." त्या अमरकडं वळल्या. "तुले राह्याचं तं राह्य. मी ऑटोनं जाईन."

अमर सुरभीकडं बघत राहिला. त्याच्या घरात आता एकच मुलगा होता. आईची पिशवी उचलून तो तिच्या मागून पायऱ्या उतरला. तो जाईल, हे सुरभीला हो म्हणतानाच माहीत होतं.

"उतर वो बाई," गुरवीण हळू आवाजात म्हणाली. "मांगं पोरी थांबल्या हाय."

पुढच्या मुलीचा भासरा अंगणात येऊन उभा होता, नवा सदरा घातलेला, घाबरलेला. सुरभी हलली तशी तिची सावली त्याच्याकडं सरकली, आणि त्यानं पटकन पाय मागं घेतला.

तो पुरता बाजूला होईपर्यंत ती थांबली. मग खाली उतरली.