चिठ्ठ्या लावलेलं पुस्तक

“ताई, तुमच्या चिठ्ठ्यांनी वाचवलं हो मला,” म्हणत वकीलसाहेबांच्या भाच्याने पुस्तक साहेबांच्या ऑफिसातल्या तिच्या टेबलावर ठेवलं. “कलमं शोधायला वेळच लागला नाही. पहिल्या झटक्यात पास.”

पुस्तक तिचंच होतं. कडेने डोकावणाऱ्या पिवळ्या-गुलाबी चिठ्ठ्या तिने ऑफिस सुटल्यावर बसून एकेक करून चिकटवल्या होत्या. वकिलीच्या सनदेच्या परीक्षेला कायद्याचं पुस्तक जवळ ठेवता येतं. पण वेळेवर पान सापडलं नाही, तर ते पुस्तक उशाला घ्यायच्या लायकीचं.

“तुला कोणी दिलं हे?”

“मामांनी. म्हणाले, ताई यंदा बसत नाहीयेत.” तिचा चेहरा पाहून तो चाचरला. “तुम्ही बसला होतात?”

“बसले होते. नापास झाले. परत.”

परीक्षेच्या आदल्या दिवशी साहेब स्वतः तिच्या टेबलापाशी आले होते. “मोठी सुनावणी आहे, तुझं पुस्तक राहू दे माझ्याकडे. तू माझं ने. कायदा तोच आहे ना?” तिने दिलं. अशिलांना ‘सगळं लेखी घ्या’ म्हणून घसा कोरडा करणारी ही बाई स्वतः मात्र तोंडच्या शब्दावर विसंबली. साहेबांच्या जुन्या पुस्तकात नव्या दुरुस्त्याच नव्हत्या. पानं उलटता उलटता घंटा झाली. निकालाच्या दिवशी वडील एवढंच म्हणाले, “कोट ठेवू, की उसवू?” ते शिंपी. तिचं कॉलेज संपलं तेव्हाच त्यांनी तो काळा कोट शिवून ठेवला होता.

ती पुस्तक घेऊन तडक साहेबांच्या खोलीत गेली. साहेब चष्मा पुसत राहिले.

“अगं, बहिणीला शब्द दिला होता मी. आणि तुला कसली घाई? तुझ्यावाचून इथलं पान हलत नाही. सनद मिळाली की तू थोडीच थांबणार होतीस?”

ज्यांना गुरू मानलं त्यांनीच केसाने गळा कापला होता, तोही कौतुक करत करत. तिने दुपारच्या सुनावणीसाठी दोन्ही पुस्तकं पिशवीत टाकली.

दुपारी कोर्टात साहेब युक्तिवादाला उभे राहिले. शेजारी नव्या कोटातला भाचा. सनद नाही म्हणून ती त्यांच्या पाठीमागच्याच बाकावर, कारकुनांत. साहेबांची सवय सगळ्या कोर्टाला ठाऊक होती. बोलता बोलता ते मागे न बघता हात पसरत, आणि ती नेमकं पान उघडून पुस्तक त्यांच्या हातावर ठेवी.

साहेबांनी हात मागे केला. तिने पुस्तक ठेवलं. त्यांचंच जुनं, मिटलेलं.

साहेबांनी पहिल्यांदाच मागे वळून पाहिलं, तेव्हा ती दाराशी पोचली होती. बाहेर जिन्यात तिने चिठ्ठ्यांचं पुस्तक काखेत धरून घरी फोन लावला.

“बाबा, तो कोट उसवू नका.”