मेंदूतली आम्लता

आमच्या अभ्यासातून त्यांच्या गेलेल्या माणसाचा मेंदू वगळावा लागला, हे मी त्या दोघींना समोर बसवून सांगितलं. सासूने सुनेकडे पाहिलं.

"ऐकलंस? पोराची एकच इच्छा होती. तीही तू धड पुरी होऊ दिली नाहीस."

पोराला तरुणपणापासून नैराश्याचा आजार होता. आपल्या मुलीला तरी त्याचं कारण कळावं म्हणून त्याने मेंदू आमच्या मेंदूपेढीच्या नावे लिहून ठेवला होता. तो गेला तेव्हा मुलगी प्रवासात होती. तिला बापाचं तोंड पाहता यावं म्हणून सुनेने आम्हाला उशिरा कळवलं.

"लेकीचे लाड! आणि इकडे मेंदू नासला," सासू म्हणाली.

"उशिरामुळेच नासला का हो, मॅडम?" सुनेने विचारलं. "तेवढं एकदा सांगून टाका. डोक्यातून जात नाही माझ्या."

उशिरामुळे नव्हे. जनुकं चालू-बंद ठेवणाऱ्या, डीएनएला चिकटलेल्या रासायनिक खुणा मृत्यूनंतरही बऱ्यापैकी टिकतात. त्याच्या मेंदूत त्या शाबूत होत्या. पण त्या खुणांनी काय केलं हे पाहायला जनुकांवरून निघालेला आरएनए लागतो, आणि तो पार मोडला होता. ऊतींमधली आम्लता फार वाढली होती. ती वाढते मरणाआधी, जीव रेंगाळत गेला की.

"शेवटी व्हेंटिलेटरवर बराच काळ होते का?" मी विचारलं.

"होता तर!" सासू ताठ बसली. "डॉक्टर म्हणाले, आता काढू या. ही पण नंदीबैलासारखी मान हलवत होती. मी म्हटलं, आधी माझ्या अंगावरून जा. आई आहे मी त्याची. नाही काढू दिलं!"

माझं बोट अहवालातल्या आम्लतेच्या आकड्यावर होतं, ते तिथेच राहिलं. सून शाळेत रसायनशास्त्र शिकवायची. तिने आकडा वाचला. मग बराच वेळ सासूकडे पाहत राहिली.

"खरं म्हणजे," मी सुरुवात केली, "आम्लता जी वाढते..."

"उशिरामुळेच ना, मॅडम?" सून घाईघाईने म्हणाली. तिची नजर माझ्यावरून हलेना.

"हो," मी म्हणाले.

"मी काय सांगत होते!" सासू तरातरा उठली आणि तिचा तोल गेला. सुनेने तिला दंडाला धरून सावरलं.

"सोड. येतं मला चालता."

सुनेने सोडलं नाही.