पस्तीस वॅट

"हे विमान आधी उतरवा, अण्णा. मग मी गाते," जमनाबाई म्हणाल्या.

राजाजीनगरच्या मराठी मंडळाच्या खोलीत टेबलाखालचा संगणक खरोखरच घरघरत होता. मंडळाचे अध्यक्ष हंबीरराव यांनी तो पुतण्याच्या दुकानातून आणला होता. सव्वाशे वॅटचा प्रोसेसर आणि त्याला थंड ठेवायला तीन पंखे. आवाज दाबायला हंबीररावांनी वर सतरंजी टाकली, तसे पंखे आणखीच चेकाळले.

"अक्का, स्वल्प ॲडजस्ट करा की," हंबीरराव म्हणाले.

"कसलं ॲडजस्ट? हळदीचं गाणं मध्ये तोडत नाहीत. तुटलं तर त्या दिवशी पुन्हा तोंडात घ्यायचं नाही, असा आमच्या आईचा दंडक. आणि उद्या लेक मला म्हैसूरला नेणार. कायमची."

ते गाणं येणाऱ्या आता त्या एकट्याच उरल्या होत्या, म्हणून मंडळ ते आज संगणकावर मुद्रित करून ठेवणार होतं.

कोपऱ्यात उमाकांत मांडीवर पिशवी धरून बसले होते. सरकारी संशोधन संस्थेत जन्म गेला, पण अहवालातल्या कुठल्याही निष्कर्षाआधी 'बहुधा' लिहिल्याशिवाय त्यांचा हात पुढे सरकला नाही. मंडळासाठी संगणक निवडायचं काम आलं, तेव्हा त्यांनी सव्वाशे आणि पस्तीस वॅटचे दोन प्रोसेसर घरी आणून दोघांना मंडळाचंच काम लावून पाहिलं होतं. जुनी पानं स्कॅन करण्यात मोठा पुढे असायचा. पण चहा गाळून होईपर्यंत पस्तीस वॅटचाही पोचायचा. आणि ध्वनिमुद्रणात दोघं बरोबरीचे. यंत्र वेगवान आहे म्हणून गाणं काही लवकर संपत नाही. शिवाय किमतीतल्या फरकात चांगला मायक्रोफोन येत होता.

बैठकीत हे सांगताना त्यांची जीभ अडखळली आणि हंबीरराव म्हणाले, "उमाकांतराव, आखाड्यात कुणी काडीपैलवान उतरवतं का?" सगळे हसले. उमाकांतही हसले.

तो काडीपैलवान आज पिशवीत होता. काढावा की नाही, हे त्यांचं सकाळपासून ठरत नव्हतं. आपली मोजणी चुकली असली तर? गाणं आपल्याच हातून बुडालं तर?

"यापेक्षा मी घरी जाते," म्हणत जमनाबाईंनी चप्पल पायाने ओढली.

उमाकांत उठले. "अक्का, बसा. माझ्याकडे एक आहे."

पस्तीस वॅटचा तो संगणक पोळ्यांच्या डब्याएवढा होता. त्यांनी तारा जोडल्या. वीज गेली की पिंपिं करणारा यूपीएस लांब वायर लावून बाहेर व्हरांड्यात ठेवला, दार लोटलं आणि छताचा पंखा बंद केला. खोली इतकी शांत झाली की हंबीररावांनी आपलं खोकणं गिळलं.

जमनाबाई गाऊ लागल्या. पहिलं कडवं झालं, दुसरं सुरू झालं आणि करंट गेला.

व्हरांड्यातून पिंपिं अगदी बारीक ऐकू आलं. यूपीएसची बॅटरी म्हातारी होती. स्क्रीनही तिच्यावरच चालत होता. उमाकांतांनी हात पुढे केला आणि स्क्रीन बंद केला.

आता मुद्रण चालू आहे की नाही हे दिसायची सोय उरली नाही. हंबीररावांनी अंधुक उजेडात डोळे मोठे करून खुणेने विचारलं, 'हे काय?' उमाकांतांनी फक्त तळहात दाखवला. थांबा. तो हात त्यांनी खाली घेतला नाही.

जमनाबाई कशालाच थांबल्या नाहीत. नवरी न्हाली, मांडवात आली, माहेर मागे राहिलं. शेवटचा शब्द लांबवून त्यांनी तो हलकेच खाली ठेवला. उमाकांतांनी मनात दहा मोजले आणि स्क्रीन लावला.

गाणं होतं. पहिल्या श्वासापासून शेवटपर्यंत.

हंबीररावांनी त्यांच्या पाठीवर अशी थाप मारली की चष्मा नाकावरून घसरला. "घ्या! आमचं विमान आजच परत पाठवतो. मंडळात हाच राहणार. बॅटरी पुरेल हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"हो," उमाकांत म्हणाले. त्या उत्तराआधी 'बहुधा' आलं नाही, याचं त्यांनाच नवल वाटलं.

"सरी, बरं झालं. मला ऐकवा की," जमनाबाई म्हणाल्या.

उमाकांतांनी गाणं लावलं. मागे घरघर नव्हती. गाण्याबरोबर बांगड्यांची किणकिण ऐकू येत होती. जमनाबाईंनी डोळे मिटले.

"ही मी नव्हे," त्या हळूच म्हणाल्या. "ही आमची आई आहे."

तेवढ्यात वीज आली. उकडत होतं, पण पंखा लावायला कुणी उठलं नाही.