बाहेर नेऊ नये

मित्रांनो, मी एक जुना, जाडजूड आणि खरं सांगायचं तर चांगलाच जळकुकडा असा कायद्याचा ग्रंथ आहे. लाल कापडी बांधणी, नऊशे बारा पानं, आणि पहिल्याच पानावर जांभळ्या शाईचा शिक्का: ‘बाहेर नेऊ नये’. तो शिक्का बसला तेव्हा मी फुगलो होतो. वाटलं, काय हा मान! मान कसला डोंबलाचा, जन्मठेप होती ती.

मला इथे, या संध्याकाळच्या कायदा कॉलेजच्या वाचनालयात, आणलं टायपिस्टकाकांनी. ते कोर्टाच्या फाटकाबाहेर टेबल टाकून लोकांचे अर्ज टाइप करून देत. एकदा लाँड्रीत काम करणारी एक बाई त्यांच्याकडे कागद घेऊन आली. तिला वाटत होतं, तो तिच्या सुट्टीचा अर्ज आहे. निघाला राजीनामा! मालकाने पुढे केला आणि तिने विश्वासाने सही ठोकून दिली होती. काकांना त्या दिवशी जेवण गेलं नाही. चाळिशी उलटून गेल्यावर ते स्वतः कायदा शिकले, वकील झाले आणि लहान मुलांच्या शाळेत दोन खोल्या मागून घेऊन संध्याकाळी सहा ते नऊ वर्ग सुरू केले. ज्यांचा दिवस कामात जातो, त्यांच्यासाठी.

पहिल्या वर्षी अकरा जण आले. पोस्टमन, फोरमन, दोन नर्सा, एक लिफ्टमन. पहिलीच्या बाकांवर गुडघे हनुवटीला लावून बसायचे बिचारे. पण माझी पानं उलटण्याआधी हात पुसायचे. काका म्हणायचे, “कायदा काही मोठ्या घरातल्या पोरांचीच मक्तेदारी नाही. बसा, वाचा, आणि न कळलं तर शंभरदा विचारा.” मग वर्ग वाढले, कॉलेज झालं, बाक मोठे आले, काकांचा फोटो भिंतीवर गेला. मी मात्र त्याच कपाटात.

आणि तेवढ्यात ती पिवळी गाईड आली! सव्वाशे पानांची, हाडकुळी. माझ्यातलंच उचललेलं, तेही अर्धवट. पण तिचा थाट बघा. ती बसमधून घरी जायची, डब्याच्या पिशवीत बसायची, उशाशी झोपायची. परत यायची ती चहाचे डाग मिरवत. मला कोणी हिंग लावून विचारत नव्हतं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. मला एकच हवं होतं, मित्रांनो. कोणीतरी मला फक्त आपलं म्हणावं.

एका वर्षी शेवटच्या वर्गात एक सिस्टर होत्या. इस्पितळातली ड्यूटी संपवून धावतपळत यायच्या, पायांत तेच पांढरे बूट. त्याच वर्गात शिंपीदादा होते, कपड्यांच्या कारखान्यात शिलाई करणारे. त्यांच्या बोटांवर सुईचे टोचे आणि डोक्यात अख्खा कायदा. सर वर्गात म्हणायचे, “उत्तर कसं लिहावं ते शिंपीदादांकडून शिका.” ते ऐकलं की सिस्टरचा चेहरा पडायचा. मी ओळखला बरं तो चेहरा. आमची दोघांची जात एकच!

पण दादांचं सगळं पास झालं होतं, पुराव्याच्या कायद्याचा एक पेपर सोडून. मागच्या दोन्ही खेपांना ऐन परीक्षेच्या दिवशी कारखान्याने सुट्टी दिली नव्हती. पदवी पुरी करायची मुदत यंदा संपत होती. नापास झाले की सहा वर्षं पाण्यात. कारखान्यात तोंडी हुकमाने काढलेल्या चाळीस शिवणकामगारांची बाजू त्यांना कोर्टात मांडायची होती. गाईड वाचून हा पेपर सुटत नसे. त्यासाठी मूळ कलमं लागत, आणि ती होती माझ्यात. कॉलेजात माझी दुसरी प्रत नव्हती.

परीक्षेला पाच संध्याकाळी उरल्या होत्या. सिस्टरनी इकडेतिकडे पाहिलं आणि मला सगळ्यांत खालच्या फळीवर, जुन्या अहवालांच्या मागे सारून दिलं. रोज त्या मला हळूच काढायच्या, कोपऱ्यात बसून वाचायच्या आणि पुन्हा तिथेच दडवायच्या. आणि मी? मी सुखावलो होतो. माझ्यावर कोणीतरी एकटीने हक्क सांगितला होता!

“बाई, तो लाल ग्रंथ आला का?” दादा रोज विचारायचे.

“नाही हो,” ग्रंथपालबाई वैतागायच्या. “सगळी कपाटं पालथी घातली. पाय फुटले की काय मेल्याला!”

सिस्टर वहीत मान घालायच्या. अशा चार संध्याकाळी गेल्या. चौथ्या दिवशी दादा त्यांच्याच टेबलाशी आले. हातात एक शिवलेली वही.

“सिस्टर, ड्यूटीमुळे तुमचे मधले तास बुडले ना? हे घ्या. ग्रंथ हरवायच्या आधी जेवढं उतरवून घेता आलं, तेवढं आहे. शेवटची साठ पानं तेवढी राहिली माझी. तुम्हाला ग्रंथ दिसला, तर सांगा हं.”

सिस्टरनी वहीला हातसुद्धा लावला नाही. वही तशीच टेबलावर ठेवून दादा घरी निघून गेले, तरी त्या बसून होत्या. दुसऱ्या दिवशी सहाच्या ठोक्याला त्यांनी मला बाहेर काढलं आणि सगळ्यांसमोर दादांपुढे ठेवलं.

“मीच लपवला होता. तुमचं कौतुक मला बघवत नव्हतं.”

दादांनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. घड्याळाकडे पाहिलं.

“तीन तास आहेत,” ते म्हणाले. “वाचू द्या मला.”

दिवसभर सुईवर डोळे ताणलेला माणूस तो. तासाभरात त्यांना अक्षरं दिसेनाशी झाली. तेव्हा सिस्टर न विचारता शेजारी बसल्या आणि मोठ्याने वाचू लागल्या. दादांनी त्यांना थांबवलं नाही. नऊला बाईंनी दिवे मालवले तेव्हा बावीस पानं उरली होती.

मोठा प्रश्न त्या बावीस पानांतलाच आला. शिंपीदादा तीन गुणांनी राहिले. सिस्टर पास झाल्या.

पुढे वकील होऊन त्या चाळीस कामगारांचा खटला सिस्टरनीच चालवला. मागच्या बाकावर बसून दादा त्यांना कलमांच्या चिठ्ठ्या पाठवत होते म्हणे. खटला जिंकला. ग्रंथपालबाई हे सगळं कौतुकाने सांगत होत्या, आणि मी कपाटात ऐकत होतो. दादा मात्र त्यानंतर वाचनालयाची पायरी चढले नाहीत.

मित्रांनो, पुस्तकं फाडू नका, पानं दुमडू नका, हे तुम्हाला सगळेच सांगतात. मी म्हणतो, दुमडा खुशाल. चहा सांडा. पण कोणापासून पुस्तक लपवू नका. फाटलेलं पान खळ लावून चिकटवता येतं. त्या चार संध्याकाळी मी शिंपीदादांना कुठून आणून देऊ?