एकास दोन

अक्षयाला खिमटी भरवता भरवता एका हाताने लॅपटॉप उघडला, तर माझा आकडा बदललेला.

फरीदाबादच्या एका कारखान्याचा बॉयलर. रोज शंभर टन कोळसा, त्यात दोन टन गंधक. ते धुरात जाऊ नये म्हणून कोळशाबरोबर भट्टीत चुनखडीची पूड सोडायची. किती, ते काढायचं काम माझं. मी रोजचे पंधरा टन काढले होते. अहवालात आता सव्वासहा होते. खाली नाव मात्र माझंच, रेवती.

मी विक्रांत सरांना फोन लावला.

"अगं, पुस्तकातलंच समीकरण घेतलंय," ते म्हणाले. "तू चुनखडी दुप्पट धरलीस, वर तिच्यातल्या मातीसाठी आणखी. क्लायंट म्हणतो, इतके ट्रक उभे कुठे करू?"

"समीकरण कागदावर जुळतं, सर. भट्टीत कणाला बाहेरून कवच धरतं. आतला चुना तसाच राखेत जातो."

"यार, रजेवरून आलीस ती भांडतच आलीस. दिल्लीतल्या द्वारकेत घरी बसून काम करू देतोय ना तुला? चलो, आजच सही करून पाठव."

करू देतोय म्हणे. मी पुढचा चमचा भरवला. अर्धी खिमटी अक्षयाच्या तोंडात, अर्धी लाळेऱ्यावर. ती मात्र खूश, हनुवटी चाटायला बघत होती.

"सर, तुमच्या जुळ्यांना कधी भरवलंत?"

"त्याचं इथे काय? उत्तरा भरवते."

"वाटलंच. एक चमचा पोटात जायला दोन भरावे लागतात. लाळेऱ्यावर सांडलेला धरला नाही, तर मूल कागदावर जेवलेलं असतं आणि उपाशी झोपतं."

"आईपणाचं लेक्चर नको. तुला जमत नसेल तर दुसरं कोणी सही करेल. मग घरून काम विसर."

"निम्मं गंधक चिमणीतून बाहेर पडेल, सर. कामगारांची पोरं तिथेच राहतात." आवाज चढला तशी अक्षया माझ्याकडे बघायला लागली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि हळू बोलले, "दुसरं कोणी कशाला? तुमचंच नाव घाला. फाइल दोघांसमोर उघडी आहे."

मी माझं नाव पुसलं.

त्या मोकळ्या जागी सरांचा कर्सर आला. थांबला. 'वि' उमटलं. मग पुसलं गेलं.

"क्लायंटशी बोलतो," ते म्हणाले आणि फोन बंद झाला.

मी सव्वासहा खोडून पंधरा लिहिले. खाली माझं नाव लिहिलं आणि अहवाल क्लायंटला, सरांना, सगळ्यांना पाठवून दिला. उद्या नोकरी असेल की नाही, माहीत नाही. राग मात्र होता तिथेच होता, कानशिलं तापलेली होती.

चमचा पुन्हा भरला. अक्षयाने तोंड घट्ट मिटलं. मग तो मीच खाल्ला, गार झालेला.