लोखंडातली माया

आमच्या दुकानात शिलाईचा एकच कायदा आहे: आत माया ठेवायची. माया म्हणजे शिवणीच्या आत दुमडून ठेवलेलं जास्तीचं कापड. माणूस फुगला की शिवण उसवायची, माया सोडायची. गिऱ्हाईक खूश, आपणही खूश. माया न ठेवणारा शिंपी मला मनाचा कोता वाटतो, मग तो कितीही नावाजलेला असो. सुनेला मी हे लग्नानंतर पहिल्याच वर्षी शिकवलं. ती इतकी चांगली शिकली, की पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला.

पुलापलीकडच्या पंपांच्या कारखान्यानं शिकाऊ कामगार घ्यायचं ठरवलं. काम शिकवणार कारखाना आणि शिकतानाचा पगार देणार सरकार. माझा काही विश्वास बसेना. शिकणाऱ्यानं गुरूला द्यायचं सोडून शिकणाऱ्यालाच पैसे? मी सुनेला म्हटलं, नीट बघ, कुठेतरी पाणी मुरतंय. पण कुठेच मुरत नव्हतं. तयार कपड्यांपायी आमचं काम तसंही रोडावलं होतं. तिनं अर्ज केला, निवड झाली, आणि माझ्या शिलाई मशीनवरून उठून ती थेट लेथसमोर जाऊन उभी राहिली. लेथ म्हणजे लोखंडाचा दांडा गरागरा फिरवून तासणारं यंत्र. मला वाटलं, घाबरेल. कसली घाबरतेय? रोज जेवताना त्या लेथचंच कौतुक. मुलगा बिचारा नुसता मान डोलवायचा.

त्याच सुमारास मुलाला दूरच्या शहरात नोकरी चालून आली. नवराबायकोचं ठरलं: शेवटच्या चाचणीत ती पास होऊन कारखान्यात कायम झाली तर इथेच राहायचं, नाहीतर बिऱ्हाड हलवायचं. बिऱ्हाडात माझी नातही आली. मला म्हणाले, तुम्हीही चला. मी म्हटलं, माझी गिऱ्हाइकं इथे आहेत, तुम्ही जा की, मला काय त्याचं. साफ खोटं बोलले. नात गेली तर या घरात मी ओरडणार कोणावर?

चाचणी तोंडावर आली आणि एका संध्याकाळी सून चेहरा पाडून घरी आली. तिनं तासलेले सगळे दांडे फोरमननं परत केले होते. दांडा बेअरिंगच्या, म्हणजे तो ज्या कड्यात बसून फिरतो त्याच्या, भोकात नेमका बसायला हवा, आणि हिचा प्रत्येक दांडा केसभर जाड. असं का, म्हणून त्यानं विचारलं तर ही म्हणाली, थोडी माया ठेवलीय. सगळा कारखाना खो खो हसला आणि हिचं नाव पडलं मायाबाई. मुलगा कपाटाची उंची मोजायला लागला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

फोरमन आमचंच गिऱ्हाईक. दुसऱ्याच दिवशी पँट घेऊन हजर; कमरेत होत नव्हती. मी शिवण उसवली आणि आतली माया त्याच्या नाकासमोर धरली. म्हटलं, ही सुनेनंच ठेवलेली. हिच्या जिवावर तुमची अब्रू वाचतेय, आणि तिलाच तुम्ही हसता?

तो शांतपणे म्हणाला, "मावशी, पोट वाढतं. बेअरिंग वाढत नाही."

माझा पँट धरलेला हात खाली आला. असं सहसा होत नाही. मग त्यानं समजावून सांगितलं, की लोखंडातही आधी थोडं जास्तीचं ठेवतातच, पण शेवटचा हात फिरवताना ते सगळं काढायचं असतं. हिचा हात नेमका तिथेच अडतो. हात चांगला आहे, म्हणाला, पण चाचणीचा दांडा बसला नाही, तर मला काही करता येणार नाही.

तो गेल्यावर मी त्याला मनातल्या मनात भरपूर शिव्या घातल्या. शिव्या घालता घालता एका सदऱ्याची काजं करत होते, तेवढ्यात माझाच हात थांबला. मी सुनेला हाक मारली.

"काजाला किती माया ठेवतेस गं?"

"काजाला कुठे माया असते, आई? बटण असेल तेवढंच काज."

"मग तुझं ते बेअरिंग म्हणजे दुसरं काय आहे? काजच ना? आणि दांडा म्हणजे बटण."

ती सदरा हातात घेऊन खाली बसली आणि हसायला लागली. तेच बटण कितीतरी वेळ काजातून आत-बाहेर करत होती.

चाचणीच्या दिवशी मी एका पँटचे दोन्ही पाय एकमेकांना शिवून टाकले. संध्याकाळी सून आली. पिशवीतून तिनं एक दांडा काढून टेबलावर ठेवला, त्यावर बेअरिंग बसवलेलं. नातीनं बोटानं टिचकी मारली तर ते आवाज न करता फिरत राहिलं. फोरमन एवढंच म्हणाला होता, की मायाबाई, सोमवारपासून कायम, वेळेवर या. मुलानं सामान बांधायला आणलेली खोकी माळ्यावर टाकली.

मग मी कपाटातून निळा कोट काढला. कायम झालेल्यांचा कोट निळा असतो, आणि मी तो कोणाला न सांगता आधीच शिवून ठेवला होता. सुनेनं सवयीनं तो आधी उलटा करून बघितला.

"आई, एवढी माया? बोटभर ठेवतात, तुम्ही चार बोटं ठेवलीत."

"असू दे. बेअरिंग वाढत नसेल, माणसं वाढतात. आणि तू आता इथेच राहणार आहेस."

कोट अंगात चढवून तिनं लेकीला उचलून घेतलं. मी त्या पँटचे पाय उसवायला बसले, पण डोळे असे भरून आले होते, की शिवण दिसत नव्हती.